चिंधी बांधलेली नळी

लाडकी वरठा म्हणजे भांडखोर बाई, असं सांगणारी माणसं बोईसरात अजून आहेत. त्यातला एक तर आमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात बसतो. तिचं नाव निघालं की तो कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "बाप रे, ती!" मला दर वेळी राग येतो. ती भांडली नसती तर तिची मुलगी कमळी त्या दुपारी मेली असती, आणि आम्ही कारणाच्या जागी अशक्तपणा असं काहीतरी लिहून मोकळे झालो असतो.

हे शहाण्णव सालचं. गणपती होऊन गेले होते, ऊन वाढलं होतं, आणि मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रक्त तपासायच्या नोकरीवर नुकताच लागलो होतो. रोज माकुणसार गावाहून यायचो. हॉस्पिटल छोटं, वॉर्ड दोन, आणि माणसं सगळी कारखान्यातली नाहीतर पाड्यांवरची.

लाडकी पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. जमिनीचा तुकडा होता, त्यात पावसावर जेवढं भात आणि नागली पिके तेवढं दिवाळीनंतर संपायचं. मग नवरा, मंगळ्या, भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा. लाडकीही पहिली काही वर्षं गेली. पण भट्टीवर एका मुकादमाने तिच्या थापलेल्या विटा दुसऱ्या जोडीच्या नावावर घातल्या. तिने त्याच्याशी असं काही भांडण केलं, की पुढच्या वर्षी मंगळ्याला सांगण्यात आलं, तू ये, बायको आणू नको. म्हणून ती कमळीला घेऊन बोईसरला आली आणि ड्रमच्या यार्डात लागली; मंगळ्या पावसाळ्यात पाड्यावर शेतीला आणि पुढे भट्टीवर, असाच राहिला.

कारखान्यात रसायन भरून आलेले निळे प्लॅस्टिकचे ड्रम रिकामे झाले की या यार्डात येतात. बायका ते सोडा आणि भाताचा पेंढा घालून आतून घासतात. हात सोलवटतात, डोळ्यांतून पाणी येतं. धुतलेला ड्रम उन्हात उपडा ठेवायचा आणि त्याच्या कडीला आपल्या लुगड्याची चिंधी बांधायची, ही तिथली रीत. संध्याकाळी मुकादम चिंध्या बघून कोणी किती धुतले ते मोजतो. कमळीची चिंधी हिरवी, लाडकीची लाल, काठाची. ही रीत यार्डात लाडकीनेच पाडली असं बाकीच्या बायका सांगतात. त्याआधी एकीचे ड्रम दुसरीच्या खात्यात जायचे. भट्टीवर जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

धुतलेले ड्रम आजूबाजूच्या चाळींत खपत. कारण कारखान्यांना पाणी रोज होतं, चाळींना नव्हतं. नळ एक दिवसाआड यायचा, कधी तोही नाही. म्हणून प्रत्येक दाराशी एक निळा ड्रम, काठोकाठ भरलेला. झाकण मात्र कुणाच्याच ड्रमाला नसायचं. झाकण आणि ते आवळून धरणारी लोखंडी रिंग यार्डाचा शेठ वेगळी विकायचा, भंगारात त्याला भाव जास्त. चाळीतल्या बायका वरून फडकं टाकत, ते पाण्यात बुडे.

आता मला जे कळतं ते इथेच सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं, हलत नसलेलं पाणी लागतं. घासून लख्ख केलेल्या ड्रमात नळाचं पाणी भरून आठवडाभर ठेवा, त्याला याहून चांगली जागा मिळणार नाही. तो चावतो दिवसा, त्यामुळे मच्छरदाणीचा उपयोग नाही. त्या वर्षी दिल्लीत या तापाने माणसं मरत होती, पेपरात फोटो येत होते. आमच्याकडे कुणी तो पेपर आणि हे ड्रम यांचा संबंध जोडला नाही. ताप आला की मलेरियाची स्लाइड, स्लाइडमध्ये काही दिसो न दिसो, मलेरियाच्या गोळ्या. अंग फार दुखत असेल तर बाजारातल्या डॉक्टरकडून अ‍ॅस्पिरिन. या तापात अ‍ॅस्पिरिन म्हणजे रक्तस्रावाला दार उघडून देणं, पण ती गोळी स्वस्त होती आणि तिने बरं वाटायचं.

त्याच्या आदल्या वर्षी, पावसाळा संपता संपता, यार्डामागच्या वस्तीत हाडमोड्या ताप येऊन गेला होता. कमळीला आला, शेजारच्या सुगंधाला आला, आणखी पुष्कळांना आला. आठ-दहा दिवस कण्हून सगळे उठून बसले. गोवर, कांजण्या एकदा येऊन गेल्या की परत येत नाहीत, तसंच हे, असं सगळ्यांना वाटलं. दुर्दैवाने हे तसं नाही.

सुगंधा म्हणजे नागोरावची बायको. नागोराव नांदेडकडचा, रंगाच्या कारखान्यात हेल्पर. यार्डाला लागून असलेल्या चाळीत त्यांची खोली होती आणि लाडकीची झोपडी त्या चाळीच्या मागच्या भिंतीला टेकलेली. नागोरावसारखा मऊ माणूस मी पाहिला नाही. रिक्षावाल्यालासुद्धा तो "साहेब" म्हणायचा. लाडकी त्याची चेष्टा करायची. तुझ्या पाठीत हाड घालायला देव विसरला, म्हणायची. सुगंधा हसायची आणि लाडकीला चहा द्यायची. कमळीला वेणी घालायला तिनेच शिकवलं होतं.

मी नोकरीवर लागलो त्याच्या काही दिवस आधी सुगंधाला पुन्हा ताप आला. आमच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. आली तेव्हा अंगात रक्त कमी होतं, जसं इथल्या बहुतेक बायकांच्या असतं. चौथ्या दिवशी ताप उतरला. पुन्हा रक्त तपासलं तर वाढलेलं. डॉ. पाध्ये राउंडला आले, पाठ थोपटल्यासारखं बोलले, "ताप गेला, रक्तपण वाढलंय. घेऊन जा घरी." नागोरावने हात जोडले. वॉर्डातल्या आयांना पेढे दिले. घरी नेल्यावर, ताप उतरल्यावर घालतात तशी, शेजारणींनी तिला डोक्यावरून अंघोळ घातली. ती म्हणत होती पोट दुखतंय, पाणी द्या, पडू द्या. संध्याकाळच्या आत तिचे हातपाय बर्फासारखे पडले. नाकातून रक्त आलं. पालघरला नेताना ती वाटेतच गेली.

अंघोळ बाधली, असं चाळ म्हणाली. ज्या शेजारणीने पाणी घातलं होतं ती रडून रडून आजारी पडली. नागोराव कुणाला काही बोलला नाही. त्याने डॉक्टरांनाही जाऊन काही विचारलं नाही.

लाडकी मात्र मर्तिकाला आलेल्या माणसांसमोर म्हणाली, "ताप उतरला, रगत वाढलं, आनि बाई मेली. हे कसं?" एका म्हाताऱ्याने तिला गप्प बसायला सांगितलं.

मग कमळीला ताप आला.

कमळी पंधरा-सोळा वर्षांची, उभट, काळीसावळी. ड्रम घासून तिचे हात आईसारखेच चिरलेले. तिला लाडकी आमच्याकडे घेऊन आली, कारण जवळ दुसरं काही नव्हतं. दाखल केलं तेव्हा कमळीचं हिमोग्लोबिन साडेसात. ते ऐकून लाडकीने तोंड फिरवलं. रक्त कमी आहे, हे वाक्य तिने जन्मभर ऐकलं होतं. पाड्याजवळच्या आरोग्य केंद्रात प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी सिस्टरने तिला झाडलं होतं, रक्त नाही अंगात, काय करता काय तुम्ही लोक रक्ताचं. जणू तिने ते बाजारात नेऊन विकलं होतं. लाल गोळ्यांची पुडी हातात द्यायची आणि पुढची बाई आत घ्यायची. पोटात भात नाही तर रक्त कुठून येणार, हे त्या टेबलामागून कुणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कमळीचा ताप उतरला. रक्त तपासायला सांगितलं होतं, ते मी घेतलं. आकडा आला दहा. मी तो सांगितला, डॉक्टर पाध्ये राउंडवर होते, पुढच्या खाटेकडे जाता जाता लाडकीला म्हणाले, "छान. रक्त वाढलंय. उद्या सकाळी घरी."

हे तेच वाक्य होतं.

तासाभराने लाडकी प्रयोगशाळेच्या दारात उभी. चपला बाहेर काढलेल्या, पदर कमरेला खोचलेला. ऑफिसातला माणूस तिच्या मागे धावत आलेला. आत यायचं नाही, बाई, बाहेर हो, असं तो सांगत होता. ती सरळ आत आली आणि माझ्या टेबलासमोर जमिनीवर बसली.

माझ्या मुलीचं रक्त तू बदललंस, असं तिचं म्हणणं होतं. कुणाचं तरी चांगलं रक्त दाखवून तुम्ही गरिबांना घरी पाठवता आणि खाट रिकामी करून घेता. सुगंधाला तसंच केलं. मी समजावलं, नळ्यांवर नंबर असतो, अदलाबदल होत नाही. ती म्हणाली, नंबर तूच लिहितोस ना. नंबर मीच लिहीत होतो.

ऑफिसातला माणूस हसला. "हिला वाटतं आपण रक्ताचा धंदा करतो."

"धंदा करता का नाय ते मला म्हायीत नाय," लाडकी म्हणाली. "पन माजं कोन बदललं की मला कळतं."

तिला काय हवंय ते मी विचारलं. तिने सांगितलं. पुन्हा रक्त काढायचं, तिच्या डोळ्यांसमोर. आणि नळीवर तिची खूण असणार, माझी नाही.

त्या क्षणी मला ती अडाणी वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दुपार झाली होती, काम संपत आलं होतं, आणि ती उठणार नव्हती हे स्पष्ट दिसत होतं. मी सिरिंज घेतली आणि तिच्याबरोबर वॉर्डात गेलो.

कमळी खाटेवर कुशी बदलत होती. ताप नव्हता, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ती चिडचिड करत होती, पोट दुखतंय म्हणत होती, सारखं पाणी मागत होती. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, ताप गेला की पोरी लाडात येतात. मी दंड बांधला, शीर मिळायला वेळ लागला. रक्त सुईतून हळू आलं, काळपट, दाट. लाडकी ते पाहत होती. रक्त काचेच्या नळीत घालून मी बूच लावलं, तेव्हा तिने लुगड्याच्या काठाची एक चिंधी दातांनी फाडली आणि नळीच्या गळ्याला गाठ मारली. यार्डातल्या ड्रमाला मारतात तशीच, दुहेरी गाठ. मग ती माझ्या मागे मागे परत आली.

त्यातलं रक्त मी मापाच्या बारीक नळीत भरलं, तर तिने दुसरी चिंधी काढली. एका नळीतून दुसरीत जाताना बदलतील, हे तिला दिसत होतं. तीही बांधू दिली. पण रक्त निवळायला नळी गरगर फिरवतात त्या यंत्रात ती चिंधीसकट बसणार नाही, एवढं कसंबसं पटवलं. मग तिने चिंधी सोडवली, मुठीत धरली, आणि यंत्राचं झाकण लावल्यावर त्यावर दुसरा हात ठेवून बसली. यंत्र गरगरत होतं, हादरे बसत होते, हात तिने काढला नाही. मी बाहेर जाऊन चहा घ्यावा म्हटलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्टुलावरच बसून राहिलो.

यंत्र थांबलं. नळी काढताच तिने आधी चिंधी परत बांधली, मग मला बघू दिलं.

अशा नळीत रक्त फिरवलं की ते दोन भागांत निवळतं. खाली तांबड्या पेशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. कमळी दाखल झाली तेव्हा खालचा तांबडा भाग पाव नळीलाही कमी होता. आता तो तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला होता. सकाळच्या आकड्यावरून जेवढा निघाला असता, त्याच्याही वर. मी हिमोग्लोबिनही पुन्हा केलं. अकराच्या वर.

"वाढलंय," मी म्हणालो. "सकाळपेक्षाही वाढलंय."

मला वाटलं ती ओरडेल. ती नळीवरची गाठ निरखत राहिली. गाठ तिचीच होती, तिच्या हातची.

"मग सांग," ती हळूच म्हणाली, "कुठनं वाढलं? चार दिस पोरगीनं पेजंचा घोट घेतला नाय."

अदलाबदल झालेली नव्हती, हे आता तिलाही माहीत होतं आणि मलाही. आकडा खरा होता. आणि रक्त असं दुपारभरात वाढत नाही, उपाशी मुलीच्या अंगात तर नाहीच. मग त्या नळीत वाढलेलं काय होतं?

मी चिंधीसकट नळी घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेलो. पाध्ये डबा खात होते. मी नळी दाखवली, तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्यांनी आधी चिंधीकडे पाहिलं, मग नळीकडे.

"आत्ताची?"

"आत्ताची."

"आणि सकाळी दहा होतं?"

मी मान हलवली. ते उष्ट्या हाताने उठले. वॉर्डात पोचेपर्यंत ते जवळजवळ पळत होते. कमळीचा हात हातात घेतला, तर तो गार आणि घामाने चिकट. नाडी बारीक धागा धावावा तशी. ब्लडप्रेशरचे वरचे आणि खालचे आकडे एकमेकांना भिडायला आलेले. दंडावर पट्टा बांधला होता त्याच्या खाली लाल टिपके उठले होते, टाचणीने टोचावं तसे. सकाळपासून ते तिथे असतील किंवा नसतील, कुणी निरखून पाहिलं नव्हतं, मीही नाही.

"सलाइन," पाध्ये म्हणाले. "दोन्ही हातांना. आत्ता."

कमळीच्या शरीरात काय चाललं होतं, ते त्या संध्याकाळी पाध्यांनी मला सांगितलं आणि पुढे मी पुस्तकांतून वाचत गेलो. डेंग्यूचा विषाणू चार जातींचा. एक जात येऊन गेली की तिच्याविरुद्ध शरीर शस्त्रं तयार करतं. पुढच्या वर्षी दुसरी जात आली की ती जुनी शस्त्रं तिला चिकटतात, पण मारू शकत नाहीत. उलट, चिकटलेल्या शस्त्रासकट आपल्या पांढऱ्या पेशी तिला गिळतात आणि विषाणूला हवं तिथे, म्हणजे त्या पेशींच्या आत, आपणच नेऊन सोडतो. तिथे तो वाढतो. भरलेल्या पेशी घाबरून हाकाटी करावी तशी रसायनं सोडतात. त्या रसायनांनी सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. विषाणू त्यांना फाडत नाही. भिंत उभीच असते, पण पाझरायला लागते. तांबड्या पेशी मोठ्या, त्या आत राहतात. पाणी बाहेर जातं, छातीत, पोटात. रक्त गोठवणाऱ्या बारीक चकत्याही संपत येतात, म्हणून नाकातून, हिरड्यांतून रक्त.

आणि हे पाझरणं सर्वांत जोरात केव्हा होतं? ताप उतरतो तेव्हा. जेव्हा घरचे पेढे वाटतात, अंघोळ घालतात, आणि डॉक्टर उद्या घरी म्हणतात तेव्हा. नळीत रक्त वाढलेलं दिसतं, कारण पाणी निघून गेलेलं असतं. भरल्या घरच्या मुलीचा आकडा चौदावरून अठरावर गेला असता तर कुणीही दचकलं असतं. आमच्या मुलींचा साडेसातवरून दहावर जातो आणि सगळे म्हणतात, सुधारली. जन्मभर त्यांना रक्त कमी आहे म्हणून झाडायचं, आणि मरताना ते वाढलं म्हणून शाबासकी द्यायची. मला राग येतो तो याचा. पाध्ये वाईट डॉक्टर नव्हते. त्या दुपारी ते त्या खाटेजवळून हलले नाहीत, डबा तसाच पडून राहिला. पण दाखल झाली तेव्हाचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून त्यांनी विचार करावा, यासाठी एका बाईला जमिनीवर बसावं लागलं.

सलाइन भरभर चालू होतं. पाध्ये थोड्या थोड्या वेळाने मला रक्त फिरवायला सांगत, आणि पाणी फार झालं तर तेही फुप्फुसात जाऊन बुडवतं म्हणून वेग कमीजास्त करत. प्रत्येक नळीला लाडकी चिंधी बांधत राहिली. तिला आता कुणी अडवत नव्हतं. ऊन खिडकीतून सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं तेव्हा तांबडा भाग खाली यायला लागला.

"कमी होतंय," मी तिला सांगितलं.

"बरं का वाईट?"

"बरं."

"मगाशी वाढलं ते बरं, आता कमी झालं ते बरं," ती म्हणाली. "तुमचं काय ते तरी ठरवा."

तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच थोडं हसू होतं. कमळीने लघवीला जायचं म्हटलं तेव्हा पाध्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. पाणी रक्तवाहिन्यांत टिकायला लागलं, मूत्रपिंडं चालू झाली, याची ती खूण. लाडकीला हे कुणी सांगितलं नाही. तिने मुलीचे पाय चाचपले, ते गरम लागले, आणि तिने पदराने स्वतःचं तोंड पुसलं.

दोन दिवसांनी नागोराव वॉर्डात आला. कमळीसाठी मोसंबी आणली होती. ती खाटेच्या कडेला ठेवून तो उभाच राहिला. कमळीला काय झालं होतं ते त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, सुगंधाचंही असंच पाणी गेलं होतं का. मी हो म्हणालो. खोटं बोलणं मला जमलं नाही. अंघोळीने काही झालं नाही, असंही सांगितलं. ज्या बाईने पाणी घातलं तिला हे जाऊन सांगा म्हटलं.

त्याने पुन्हा विचारलं, "मी इचारलो असतो, तर सांगितले असते का हो साहेब?"

लाडकीने ते ऐकलं. मला वाटलं, ती आता त्याला पाठीतल्या हाडाचं काहीतरी बोलेल. ती उठली, स्वतःच्या लोट्यातलं पाणी त्याला दिलं.

"तू कशाला इचारायचं?" ती म्हणाली. "सांगनं त्यांचं काम नाय?"

याहून जास्त राग मी आजवर कुठल्या भाषणात ऐकलेला नाही. तो पाणी प्यायला आणि रडला. लाडकी त्याच्या शेजारी उभी राहून वॉर्डातल्या सगळ्यांकडे रोखून पाहत राहिली, कुणी हसलं तर बघते अशी.

ड्रमांचं मी तिला नंतर सांगितलं. कसा डास, कसलं पाणी, झाकण का लागतं. तिला ते ऐकायला जड गेलं. त्या वस्तीतले निम्मे ड्रम तिने स्वतःच्या हाताने घासलेले, सुगंधाच्या दारातला तर तिनेच निवडून दिलेला. पण जास्त वेळ ती त्यात राहिली नाही. स्वतःला कोसत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. यार्डात जाऊन तिने शेठला सांगितलं, झाकण दिल्याशिवाय मी ड्रमाला चिंधी बांधणार नाही. चिंधी नाही तर तो धुतलेला धरायचा नाही, विकायलाही काढायचा नाही. शेठ हसला. बाकीच्या बायकांनीही चिंध्या सोडल्या तेव्हा त्याचं हसू गेलं. काही दिवस झाकणं आली. मग लाडकीला कामावर येऊ नको असं सांगण्यात आलं, आणि झाकणं पुन्हा भंगारात जाऊ लागली. हेही मला सांगितलं पाहिजे.

कमळी घरी गेली त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी पेंटर पाटी रंगवत होता. या सगळ्यानंतर ऑफिसातल्या माणसाने केलेली पहिली सुधारणा तीच. लाडकी मुलीला धरून जाताना थांबली. वाचता येत नव्हतं, म्हणून मला विचारलं, काय लिहिलंय.

मी वाचून दाखवलं. रुग्णांच्या नातेवाइकांनी आत येऊ नये, कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये.

"माज्यासाठीच काय?"

"तुमच्यासाठीच."

तिने पाटीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, काम नीट झालंय का ते बघावं तसं. मग काठाची एक चिंधी फाडली आणि पाटीच्या खिळ्याला दुहेरी गाठ मारली. पेंटर बघत राहिला. ऑफिसातला माणूस बाहेर आला तोवर मायलेकी फाटकाबाहेर गेल्या होत्या. त्याने मला ती सोडायला सांगितली. मी म्हटलं, तुम्हीच सोडा. त्याने नखाने थोडा वेळ खटपट केली, पण ड्रमाला मारतात ती गाठ ड्रम घासणाऱ्या हातांनीच सुटते.